पाच मीटर खोल सोने आणि सहावा घात

गुप्तधन शोधून देणाऱ्या यंत्रांच्या जाहिरातीत एक आकडा हमखास असतो, तो खोलीचा. कुणाचे यंत्र तीन मीटरपर्यंत ‘बघते’, कुणाचे पाच, कुणाचे थेट पंचवीस. किंमत चढते तसा हा आकडाही चढतो. तुकडा केवढा, माती कोणती, मोजणी कुणी केली, याबद्दल एक अक्षर नसते. या आकड्यांची टिंगल करणे सोपे आहे. पण टिंगलीने प्रतिवाद होत नाही, कारण आता या दाव्याच्या बाजूने बोलणारा भगत किंवा मांत्रिक राहिलेला नाही. तो डिप्लोमा झालेला असतो, ‘पल्स इंडक्शन’ हा शब्द बरोबर जागी वापरतो, ऑस्ट्रेलियातले दाखले देतो आणि म्हणतो, ‘साहेब, तुम्ही जुन्या यंत्रांबद्दल बोलताय, आता टेक्नॉलॉजी कुठल्या कुठे गेलीय.’ त्याच्याशी भांडायचे तर टेक्नॉलॉजीतच उतरून भांडायला हवे.

माझे म्हणणे असे आहे. गेल्या पन्नास वर्षांत मेटल डिटेक्टर खरोखरच सुधारले. त्या सुधारणेचा मोठा भाग मात्र जमिनीच्या गोंगाटावर मात करण्यात खर्ची पडला. खोलीत जी भर पडली ती इंचांत मोजावी लागते आणि ती तेवढीच का, याचे उत्तर कुठल्याही कंपनीच्या हातात नाही. शिवाय ‘हे यंत्र किती खोल जाते?’ हा प्रश्नच अर्धा आहे. केवढा तुकडा आणि कसल्या मातीत, हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नसते. जो विक्रेता तरीही उत्तर देतो, तो पाण्यातल्या म्हशीचे मोल सांगत असतो.

आधी यंत्र काय करते ते पाहू. कॉइलमधून बदलता प्रवाह जातो, म्हणून तिच्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते धातूच्या तुकड्यापर्यंत पोचले की तुकड्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह उठतात. या भोवऱ्यांचेही स्वतःचे इवलेसे क्षेत्र असते, ते वर येते आणि कॉइलला जाणवते. यंत्र पंधरा हजारांचे असो की आठ-दहा लाखांचे, या फेऱ्यातून कुणाची सुटका नाही. आता अडचण अशी की कॉइलपासून लांब गेल्यावर तिचे क्षेत्र अंतराच्या तिसऱ्या घाताने घटते. तुकड्याकडून परत येणारे क्षेत्रही तिसऱ्याच घाताने घटते. जाऊन येऊन सहावा घात. अंतर दुप्पट केले की सिग्नलचा चौसष्टावा हिस्सा उरतो.

कॉइलच्या अगदी जवळ ही घट थोडी सौम्य असते, म्हणून प्रतिपक्षाला ती सवलत देऊन हिशेब करू. कॉइल २८ सेंटीमीटर व्यासाची, म्हणजे बाजारात सर्रास मिळणारी अकरा इंची. एखादे नाणे २५ सेंटीमीटरवर जेमतेम ऐकू येते असे धरा. तेच नाणे ५० सेंटीमीटरवर नेले की सिग्नल सुमारे ३५ पट क्षीण होतो. एक मीटरवर सुमारे १,९०० पट. आणि जाहिरातीतल्या त्या पाच मीटरवर सुमारे २ कोटी ८० लाख पट. हा आकडा कागद-पेन्सिल घेऊन अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याने काढावा असा आहे. पाच मीटरचे यंत्र विकणाऱ्याने आपले इलेक्ट्रॉनिक्स २ कोटी ८० लाख पटींनी संवेदनशील कसे झाले, एवढेच सांगावे.

यावर पहिले उत्तर येते, ‘ट्रान्समिटरची ताकद वाढवली.’ वाढवा. कॉइलमधला प्रवाह दुप्पट केला तर त्याच हिशेबाने खोली सुमारे सोळा टक्क्यांनी वाढेल, म्हणजे २५ सेंटीमीटरचे २९. बॅटरीवरचा भार चौपट होईल. आणि तुकड्याचा सिग्नल दुप्पट होताना मातीचाही दुप्पट होईल, हे सांगायचे राहूनच जाते. दुसरे उत्तर, ‘मोठी कॉइल लावली.’ हे जरा बरे उत्तर आहे. मोठी कॉइल खोलवरच्या मोठ्या वस्तूला खरोखर जास्त चांगली ऐकते. पण त्याच वेळी ती मातीचा मोठा गोळा ऐकू लागते आणि बारीक सोने तिच्या कानावरून निघून जाते. ऑस्ट्रेलियातले शोधक एकाच यंत्राला तीन-चार कॉइली बाळगतात ते हौस म्हणून नव्हे.

आता तंत्रांची तुलना. स्वस्त आणि मध्यम किमतीची जवळजवळ सगळी यंत्रे व्हीएलएफ प्रकारची असतात. ती सतत लहर सोडतात आणि परत येणारी लहर किती मागे रेंगाळली ते मोजतात. सोन्यासाठी बनवलेल्या यंत्रांत ही लहर मुद्दाम जास्त वारंवारतेची ठेवतात. ‘गोल्ड बग २’ हे यंत्र ७१ किलोहर्ट्झवर चालते, मिनेलॅब कंपनीचे ‘गोल्ड मॉन्स्टर’ ४५ वर. कारण साधे आहे. बारीक कणातले भोवरे क्षणात विरतात, हळू लहरीत त्यांची खूणच उमटत नाही. अशा यंत्राने तांदळाच्या दाण्याहून लहान सोन्याचा कण सापडतो आणि तो पाहून कुणीही थक्क व्हावे. पण सापडतो तो इंच-दोन इंचांवर. ‘खास सोन्यासाठी बनवलेले’ हा शेरा आपल्याकडच्या जाहिरातीत ‘खोलवरच्या सोन्यासाठी’ असा वाचला जातो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ जवळपास उलटा आहे.

व्हीएलएफच्या पडद्यावर धातू ओळखण्याचा आकडाही येतो. विक्रेत्याचा सगळा भर त्याच्यावर असतो: ‘हा आकडा आला की सोनं.’ तो आकडा खरे तर तुकड्याचा आकार, जाडी आणि विद्युतवाहकता यांची खिचडी असतो. शुद्ध सोने तांबे-चांदीपेक्षा कमी वाहक, त्यात मिसळ झाली की वाहकता झपाट्याने उतरते. बारीक अंगठी, शीतपेयाच्या डब्याची ओढायची कडी, औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीमागचा अॅल्युमिनियमचा पत्रा, ही सगळी मंडळी पडद्यावर शेजारी-शेजारीच बसतात. ज्या शोधकाला सोने हवे असते तो कड्या आणि पत्रेही खणतो. ज्याला कड्या नको असतात त्याच्या अंगठ्याही राहून जातात. आणि हे झाले उथळ जमिनीतले. तुकडा खोल गेला, सिग्नल क्षीण झाला, की मातीची सरमिसळ होऊन तो आकडा वाटेल तसा उड्या मारू लागतो. म्हणजे खोलीचा दावा आणि ओळखीचा दावा एकाच पत्रकात छापणारा माणूस एकमेकांचे पाय ओढणारे दोन दावे विकत असतो.

मातीचा प्रश्न मात्र सावकाश पाहण्यासारखा आहे, कारण प्रतिपक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातली सोन्याची जमीन लोहयुक्त, तांबडी. त्यात मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट या चुंबकीय खनिजांचे सूक्ष्म कण असतात. मॅग्नेटाइटचा प्रतिसाद तसा सरळ, तो यंत्रात वजा करता येतो. त्यालाच ग्राउंड बॅलन्स म्हणतात. पण मॅगहेमाइटचे काही कण चुंबकीय क्षेत्र काढून घेतल्यावरही जरा रेंगाळत शांत होतात आणि हे रेंगाळणे धातूतल्या भोवऱ्यांच्या विरण्यासारखे दिसते. यंत्र मातीलाच धातू समजते. जत्रेच्या गर्दीत कुणी हळूच हाक मारावी, तशी नगेटची, म्हणजे सोन्याच्या नैसर्गिक गोळ्याची, खूण त्यात बुडून जाते.

सोन्याच्या शोधात पल्स इंडक्शन आले ते याच्यावर उपाय म्हणून. त्यात लहर सतत सोडत नाहीत. प्रवाहाचा एक ठोका द्यायचा, झटकन तोडायचा, दहाएक मायक्रोसेकंद गप्प बसायचे आणि मग ऐकायचे. हे सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात पुरातत्त्वाच्या कामासाठी अशी यंत्रे बनू लागली होती, पण सोन्याच्या शोधात त्यांनी क्रांती केली ती पुढे. अॅडलेडमध्ये १९८५ साली मिनेलॅब कंपनी सुरू झाली. तिथल्या ब्रूस कँडी या भौतिकशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या लांबीचे ठोके देऊन मातीचा प्रतिसाद वेगळा काढण्याची युक्ती विकसित केली. १९९५ मध्ये ‘एसडी २०००’ बाजारात आले आणि ज्या जमिनी शोधकांनी धुंडाळून ‘संपल्या’ म्हणून सोडल्या होत्या, त्या पुन्हा सोने देऊ लागल्या.

प्रतिपक्ष म्हणतो, ‘बघा! म्हणजे खोली वाढली.’ घटना खरी, निष्कर्ष चुकीचा. ही नवी नगेट तीन-चार मीटरवरून आली नाहीत. ती बहुतांशी त्या थरातली होती, जिथपर्यंत जुन्या यंत्राचे क्षेत्र आधीही पोचत होते. जुन्या यंत्राला तिथे मातीचा आरडाओरडा तेवढा ऐकू येत होता. नव्याने तो बाजूला सारला. मोठ्या नगेटसाठी फूट-दोन फूट, फार नशीब असेल तर त्याहून थोडे अधिक, ही खोली तेव्हाही कौतुकाची होती आणि आजही आहे.

मिनेलॅबने २०१५ मध्ये ‘जीपीझेड ७०००’ आणले. तंत्राला नाव दिले झीरो व्होल्टेज ट्रान्समिशन. यंत्राची किंमत दहा हजार अमेरिकी डॉलरच्या घरात. सोन्यासाठी हातात धरायच्या यंत्रांत त्या काळी याहून दमदार काही नव्हते. त्याच्या जाहिरातीत कंपनीने खोलीचा दावा केला तो आपल्याच आधीच्या ‘जीपीएक्स ५०००’पेक्षा ‘४० टक्क्यांपर्यंत’ अधिक, असा. सोनारानेच कान टोचले म्हणायचे. कारण हे ४० टक्केही गंमत नाही. १.४ चा सहावा घात काढा, साडेसात येतो. म्हणजे एवढ्याशा वाढीसाठी खोलवरच्या लहान तुकड्याचा सिग्नल साडेसात पट चांगला पकडावा लागतो. जगातली अव्वल कंपनी वर्षानुवर्षे संशोधन करून, वर ‘पर्यंत’ हा शब्द जोडून, ४० टक्के म्हणते. आणि आपल्याकडचा विक्रेता टक्क्यांत बोलतच नाही, तो मीटरने मोजून देतो.

या सगळ्याचा आपल्या मातीशी थेट संबंध आहे. कोकण-गोव्यातला जांभा आणि पाचगणीच्या टेबललँडवरचा जांभा ही मॅगहेमाइटची माहेरघरेच. घाटावरची काळी जमीन बेसाल्टच्या झिजेतून आलेली, तिच्यात मॅग्नेटाइट ठासून भरलेले. दुकानातले प्रात्यक्षिक कसे असते ते आठवा. यंत्र टेबलावर आडवे, विक्रेत्याच्या चिमटीत सोन्याचे वळे, ते तो कॉइलपुढे नाचवत मागे-मागे सरकतो आणि यंत्र केवढ्या लांबूनही किणकिणते! मध्ये आहे काय? हवा. हवेला ना लोह ना मीठ. हेच यंत्र सिंधुदुर्गातल्या एखाद्या सड्यावर नेऊन तेच वळे जांभ्याच्या मातीत पुरून पाहा. हवेतल्या आकड्याचा किती भाग उरतो ते बघण्यासारखे असते. व्हीएलएफ असेल तर बहुधा यंत्र आधी स्वतःच केकाटू लागेल आणि विक्रेता संवेदनशीलता उतरवायला सांगेल. ती उतरवली की खोलीही गेली.

पल्स इंडक्शनची दुसरी बाजू आपल्याकडे कुणी सांगत नाही. हे तंत्र लोखंड ओळखण्यात कच्चे. लांब खिळा, बैलाच्या खुरांची पत्री, मोडका फाळ, यांचा सिग्नल सोन्याच्या तुकड्यापेक्षा दणदणीत येतो आणि जास्त खोलवरून येतो. व्हिक्टोरियाच्या रानात शोधक दिवसभर खिळे आणि बंदुकीचे छर्रे खणतो, त्याला त्याची सवय असते. शेकडो वर्षे वहिवाटीत असलेल्या गावठाणात किंवा गडावर पल्स यंत्र फिरवणाऱ्याला ते पावलापावलाला खणायला लावेल. डोंगर पोखरून उंदीर काढायचा तरी तो एकदा. इथे दर दहा पावलांवर एक डोंगर.

किमतीबरोबर खोली वाढते, या समजाचाही समाचार घेऊ. व्हिक्टोरियात मोलियागुलजवळ १८६९ साली ‘वेलकम स्ट्रेंजर’ नावाचे सुमारे ७२ किलोचे प्रचंड नगेट सापडले. ते जमिनीखाली तीनच सेंटीमीटर होते आणि यंत्राचा प्रश्नच नव्हता. डिटेक्टरने सापडलेल्यांत सर्वांत प्रसिद्ध नगेट ‘हँड ऑफ फेथ’, त्याच राज्यात किंगोवरला, १९८० साली. वजन २७.२ किलो. खोली? सुमारे ३० सेंटीमीटर. मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटात १९८९ मध्ये सापडलेले बारा किलोचे ‘बूट ऑफ कोर्टेझ’ तर एका साध्या, स्वस्त यंत्राने मिळाले. महाग यंत्रे निरुपयोगी आहेत असे यावरून ठरत नाही; मातीचा त्रास जिथे जास्त तिथे त्यांना पर्याय नाही. पण जगाने ज्यांचा जयजयकार केला ती नगेट कुठल्या खोलीवर होती, हे पाच मीटरवाल्यांनी कधी छापलेले मी पाहिले नाही.

इथे प्रतिपक्षाला एक मुद्दा द्यायलाच हवा. ‘आम्हाला नगेट नको, हंडा हवा आहे’ असे तो म्हणाला, तर बोलणे बदलते. सहाव्या घाताचा हिशेब आपण एका ठरावीक नाण्यापुरता केला. वस्तू मोठी झाली की तिचा सिग्नलही जबरदस्त वाढतो. तांब्याचा भला मोठा हंडा, मीटरभर व्यासाची कॉइल, सौम्य माती, असे सगळे जुळले तर मीटर-दीड मीटरवरून यंत्र बोलू शकते. दोन पेट्यांची यंत्रे असतात, एका दांड्याच्या दोन टोकांना ट्रान्समिटर आणि रिसीव्हर. ती मोठ्या वस्तूसाठी याहूनही थोडी खाली जातात आणि सुट्ट्या नाण्यांकडे दुर्लक्ष करतात. हे तंत्र खरे आहे, जमिनीखालच्या नळवाहिन्या त्याने शोधतात.

पण मग दोन गोष्टी मान्य करा. एक, यंत्र हंडा ऐकते आहे, त्यातले सोने नव्हे. पत्र्याचे पिंप, जुनी विहीर बुजवताना टाकलेला लोखंडी रहाट, पाण्याची टाकी, सगळे त्याला सारखेच. दोन, सोने जर मातीच्या मडक्यात असेल, आणि आपल्याकडे ते बहुधा मडक्यातच असते, तर हिशेब पुन्हा कोसळतो. मडक्यातली नाणी एकसंध गोळा नसतात. मध्ये माती शिरलेली असते, एका नाण्यातला भोवरा शेजारच्यात जात नाही. शंभर नाणी म्हणजे एक मोठा गोळा नव्हे, ती शंभर लहान-लहान कुजबुजी असतात.

आतापर्यंत जी यंत्रे आली ती निदान प्रामाणिक होती, अतिशयोक्ती विक्रेत्याची होती. आता ज्यांच्यात यंत्रच नसते त्यांच्याकडे वळू. हातात पिस्तुलासारखी मूठ, पुढे मोकळी फिरणारी अँटेना, बाजूला ‘गोल्ड’, ‘सिल्व्हर’, ‘डायमंड’ अशी बटणे. ही ‘लाँग रेंज’ यंत्रे म्हणे शे-दोनशे मीटरवरून सोन्याची दिशा दाखवतात. सिद्धान्त असा सांगतात की वर्षानुवर्षे पुरलेल्या सोन्याभोवती आयनांचे वलय तयार होते आणि अँटेना त्याच्याकडे वळते. सोन्याला मानवी इतिहासात जो मान मिळाला तो ते गंजत नाही म्हणून. ओल्या मातीत शतकानुशतके पडून जे सहसा तसूभर विरघळत नाही, त्याच धातूभोवती विरघळून निघालेल्या आयनांचे ढग कल्पायचे, याला धाडस लागते. दुसरा सिद्धान्त ‘सोन्याच्या खास फ्रीक्वेन्सी’चा. अणूंची खूण रेडिओलहरींनी ओळखण्याचे शास्त्र आहे, पण त्यात जबर ताकदीच्या चुंबकाच्या पोटात नमुना ठेवावा लागतो. मुठीत धरलेल्या प्लास्टिकच्या डबीतून शेतापलीकडचे सोने ओळखण्याशी त्याचा संबंध नाही.

या जातीच्या यंत्रांचा निकाल न्यायालयात लागून चुकला आहे. ‘एडीई ६५१’ या नावाने इराकला स्फोटके शोधणारी म्हणून जी यंत्रे विकली गेली, ती हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या एका खेळण्यावर बेतलेली होती. त्यांना बॅटरीसुद्धा नव्हती. विकणारा जेम्स मॅकॉर्मिक याला लंडनच्या न्यायालयाने २०१३ मध्ये दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी त्याच जातीची ‘जीटी २००’ यंत्रे विकणाऱ्या गॅरी बोल्टनला सात वर्षांची झाली. त्याआधी, २०१० साली, थायलंड सरकारने ‘जीटी २००’ची चाचणी घेतली होती. वीस प्रयत्नांत चार बरोबर, म्हणजे अंदाजपंचे उत्तर देण्याहून बरे काही नाही. इराकमध्ये असल्या यंत्रांच्या भरवशावर नाक्यांवरून गाड्या सोडल्या जात होत्या. आपल्याकडे त्यांच्या भरवशावर शेत गहाण पडते. फरक एवढाच की स्फोट होत नाही, म्हणून खटला उभा राहत नाही.

राहिला जमिनीत रडार सोडण्याचा मार्ग आणि त्याच्या जोडीची ‘थ्री-डी स्कॅनर’ मंडळी. जमीनभेदी रडार हे उत्तम शास्त्रीय साधन आहे. पुरलेल्या भिंती, पोकळ्या, केबली शोधायला ते रोज वापरतात. पण ते सोने पाहत नाही. जमिनीचे विद्युत गुणधर्म जिथे अचानक बदलतात तिथून परतलेली लहर ते नोंदवते. त्या बदलाचे कारण दगड असेल, ओल असेल, मुंगसाचे बीळ असेल. आणि ओल्या चिकणमातीत रडारची लहर लवकर मरते. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या कापूसजमिनीत पावसाळ्यानंतर तिचा जीव मीटरभरही जेमतेम टिकतो. रंगीत पडद्यावर लाल-पिवळे डाग दाखवून ‘हा बघा हंडा’ म्हणणाऱ्या स्कॅनरांत पुष्कळदा साधा चुंबकमापक असतो. सोने चुंबकीय नसते. म्हणजे तो डाग बाकी कशाचाही असू शकतो, सोन्याचा सोडून.

मोठ्या संस्थाही यात कशा अडकतात याचे उदाहरण जुने नाही. उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या डौंडिया खेडा गावी शोभन सरकार नावाच्या साधूला स्वप्न पडले, की राजा राव रामबक्ष सिंहाच्या गढीखाली एक हजार टन सोने आहे. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसे त्या सोन्याच्या वाटणीवरून दावेही सुरू झाले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने पाहणी केली. पाच ते वीस मीटर खोलीवर चुंबकीय नसलेली काहीतरी विसंगती दिसते, ती सोने, चांदी किंवा लोखंडाखेरीज इतर धातूंची असू शकेल, असा अहवाल आला. ऑक्टोबर २०१३ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाने कुदळ मारली. वाहिन्यांच्या गाड्या रांगेने उभ्या राहिल्या. काही आठवड्यांनी खोदकाम आवरते घेतले तेव्हा हाती खापरे होती, बांगड्यांचे तुकडे होते.

माझा प्रतिपक्षी या प्रसंगावर म्हणतो, ‘सरकारी यंत्रे जुनाट होती.’ मी म्हणतो, यंत्रांनी आपले काम चोख केले. जमिनीत काहीतरी वेगळे आहे, एवढेच त्यांना सांगता येत होते आणि तेवढेच त्यांनी सांगितले. ‘असू शकेल’ या दोन शब्दांत सोने ओतले ते माणसांनी, आणि तेही स्वप्न आधी ऐकून. पाहणी आधी झाली असती आणि स्वप्न नंतर पडले असते, तर त्याच आलेखावर कुणी पाणी वाचले असते, कुणी गढीची तटबंदी.

‘मग खाणवाले सोने कसे शोधतात?’ हा प्रश्न चांगला आहे. ते सोने ऐकत नाहीत. खडकांची रचना, माती-पाण्यातले अंश प्रयोगशाळेत तपासणे, सोन्यासोबत राहणाऱ्या सल्फाइड खनिजांचा विद्युत सर्वेक्षणाने माग काढणे आणि शेवटी ड्रिल मारून गाभा बाहेर काढणे, असा तो लांबचा रस्ता असतो. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि २००१ मध्ये बंद झाली. तिथल्या खनिजाच्या ढिगाऱ्यावरून कितीही महाग डिटेक्टर फिरवला असता तरी तो बहुधा गप्पच राहिला असता. टनामागे काही ग्रॅम, तेही डोळ्याला न दिसणाऱ्या कणांत विखुरलेले. अशा कणांत भोवरा उठतो न उठतो तोच विरतो. सराफकट्ट्यावरची धूळ झाडून, धुऊन सोने काढणारे झारेकरी हे जाणून असतात. ते पाणी, परात आणि पारा वापरतात, मशिन नाही.

शेवटचा बचाव उरतो तो ‘वापरून बघायला काय हरकत आहे?’ हा. हरकत आहे. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. संरक्षित गडावर किंवा लेण्यात कुदळ मारणे तर थेट गुन्हा. तरी गडांवर ताजे खड्डे दिसतात, चौथरे उसकटलेले दिसतात, आणि तिथे पडलेली एक पणती किंवा तोफेचा गोळा आपल्या थरातून उपटला गेला की त्याने जे सांगितले असते ते कायमचे जाते. गुप्तधनासाठी अघोरी कृत्य करणाऱ्या भगतासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. पाच मीटरचे यंत्र विकणाऱ्याकडे मात्र जीएसटीची पावती असते आणि वर्षभराची वॉरंटी.

म्हणून माझी मागणी विक्रेत्याकडे आहे, गिऱ्हाइकाकडे नाही. तुमचे यंत्र कुठल्याही तंत्राचे असो, एका मोकळ्या शेतात एकसारखे दहा खड्डे घ्या, तुम्ही म्हणाल तेवढे खोल. एकात तुमच्याच पसंतीचा सोन्याचा तुकडा ठेवा, बाकी नऊ नुसतेच बुजवा. हे वीसदा करा, दरवेळी खड्डा चिठ्ठी टाकून निवडा. पुरणारा आणि शोधणारा यांची मधल्या वेळात भेट होऊ द्यायची नाही आणि शोधणाऱ्याने खड्ड्याचा आकडा कागदावर आधी लिहून द्यायचा. तुकड्याचे वजन, मातीचा प्रकार आणि वीसपैकी किती बरोबर आले, या तीन गोष्टी पत्रकावर छापा. मग त्यांच्या शेजारी खोलीचा आकडा कितीही मोठ्या टाइपात छापा, माझी हरकत नाही.